दुखणाईताची झोप आणि पंसाऱ्याकडची पुडी

ज्या घरात एखादे जुने दुखणे मुक्कामाला आलेले असते, त्या घराची रात्र इतरांच्या रात्रीहून लांब असते. दिवस कसाबसा सरतो. औषधांच्या वेळा असतात, भेटीला येणारी माणसे असतात, खिडकीबाहेरची वर्दळ असते. दिवे मालवले की मात्र सांधे ठणकू लागतात, छातीतली धडधड ऐकू येऊ लागते आणि उद्याच्या तपासणीची काळजी उशाशी येऊन बसते. अशा चार रात्री गेल्या की कोणीतरी आपुलकीने सुचवते, "अहो, डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्या कशाला? पंसाऱ्याकडून पुडी आणा. आपली झाडपाल्याची औषधे, त्यांचा काही अपाय नाही."

या सल्ल्याचा पहिला भाग विचारात घेण्याजोगा आहे. दुसरा भाग मात्र तपासून घ्यावयास हवा, कारण ज्याच्या पोटात आधीच दिवसाला सहा-सात गोळ्या जात आहेत, त्याच्या बाबतीत 'अपाय नाही' हे वाक्य फार धाडसाचे ठरते. धडधाकट माणसाला सहज पचणारी वस्तू मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पचेलच असे नाही. वनस्पतीत गुण आहे असे मानावयाचे, तर तिच्यात दोष असू शकतो हेही मानले पाहिजे.

पुडी आणण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: झोप नेमकी कशामुळे मोडते? दीर्घ आजारातील निद्रानाश हा पुष्कळदा स्वतंत्र रोग नसतो. तो मूळ दुखण्याचाच रात्रीचा आवाज असतो. मधुमेह्याची साखर वाढलेली असेल तर तो लघवीसाठी चार वेळा उठतो. ती रात्री फार उतरत असेल तर तो घामाने डबडबून, वाईट स्वप्नांनी दचकून जागा होतो आणि सकाळी डोके जड असते. दम्याच्या रुग्णाची झोप पहाटेच्या खोकल्याने मोडते. मूत्रपिंड थकलेल्यांना अंगाची खाज निजू देत नाही. काहींचे पाय अंथरुणावर पडताच असे शिवशिवू लागतात की हलविल्यावाचून राहवत नाही; यामागे शरीरातील लोहाची कमतरता असू शकते आणि ती रक्ताच्या साध्या तपासणीत सापडते. जो मोठ्याने घोरतो, मध्येच ज्याचा श्वास थांबल्यासारखा वाटतो व जो दिवसभर पेंगतो, त्याला गुंगी आणणारे काहीही देणे धोक्याचे आहे, मग ते काचेच्या बाटलीतले असो वा कागदाच्या पुडीतले.

कधी चोर औषधाच्या डब्यातच असतो. स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली तर मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही. लघवी वाढविणारी गोळी रात्री घेतली तर झोपेचे काय होणार, हे सांगावयास नकोच. थायरॉइडच्या गोळीची मात्रा गरजेहून अधिक झाली की छाती धडधडते, हात थरथरतात आणि झोप उडते.

आमच्या माहितीतील एका घरची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. आजोबांना हृदयाचा जुना विकार. महिनाभर ते रात्री झोपत नव्हते. सूनबाई मोठ्या मायेने रोज रात्री पेलाभर दुधात असगंध उकळून देत होत्या. गुण दिसेना म्हणून पेल्याचे दोन पेले झाले. भेटीला आलेल्या नणंदेला त्या सहज म्हणाल्या, "वन्सं, मामंजी आताशा तीन उशांना टेकूनच झोपतात. आडवे झाले की त्यांना गुदमरल्यासारखे होते." नणंदबाई परिचारिका होत्या. त्यांनी आधी आजोबांचे पाय पाहिले. घोट्यांवर सूज होती. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेले. फुप्फुसात पाणी साठत होते. लघवीची गोळी सकाळच्या धांदलीत राहून जाते म्हणून ती रात्री दिली जात होती. डॉक्टरांनी तिची मात्रा वाढवून ती सकाळी घेण्यास सांगितले, दिवसभरातील पाण्याचा हिशेब ठेवावयास लावला आणि रात्रीचे दूध बंद केले. आठवड्याभरात आजोबा एका उशीवर झोपू लागले. असगंधाने त्यांचे काही बिघडविले असे म्हणता येणार नाही. मात्र जो महिना उपचारात जावयाचा, तो पुडीच्या भरवशावर वाट पाहण्यात गेला आणि हृदयाच्या रुग्णाला असा महिना परवडत नाही.

कारण शोधून, त्याचा उपाय चालू करूनही मन शांत होत नसेल, झोप तुटक येत असेल, तर वनौषधीचा विचार जरूर करावा. त्यात पहिला मान अर्थातच असगंधाचा, म्हणजे अश्वगंधेचा. आपण माळव्यातील मंडळी तर तिच्या माहेरीच राहतो. नीमच व मंदसौर या जिल्ह्यांत तिची मोठी लागवड होते आणि नीमचची मंडी हा तिचा देशातील प्रमुख बाजार आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरलेले पीक हिवाळ्याच्या अखेरीस उपटतात, मुळे वाळवितात आणि जाडीप्रमाणे निवडतात. ओल्या मुळाला घोड्याच्या अंगासारखा वास येतो, त्यावरून हे नाव. शास्त्रज्ञांनी तिला 'विथानिया सोम्निफेरा' म्हटले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'निद्रा आणणारी' असा आहे.

हा लौकिक अगदीच पोकळ नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत निद्रानाशाच्या ६० रुग्णांपैकी ४० जणांना मुळाचा अर्क व २० जणांना निर्गुण गोळी दहा आठवडे देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांना झोप लवकर लागू लागली. २०२१ साली अशा पाच चाचण्यांचा, म्हणजे एकंदर ४०० व्यक्तींचा, एकत्र आढावा घेतला गेला. त्यात परिणाम थोडा पण खरा आढळला. तो दिवसाला ६०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा घेणाऱ्यांत आणि आठ आठवडे वा अधिक काळ घेणाऱ्यांत जास्त स्पष्ट होता. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की असगंध आज घेतला आणि आज झोप लागली असे होत नाही. दुसरी ही की त्या चाचण्यांतील मात्रा अर्काची होती, चूर्णाची नव्हे. आयुर्वेदात मुळाच्या चूर्णाची मात्रा तीन ते सहा ग्रॅम सांगितली जाते. अर्काचे माप चूर्णाला आणि चूर्णाचे माप अर्काला लावणे म्हणजे तोळ्याचा हिशेब शेराने करण्यासारखे आहे.

असगंध कोणी घेऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तो थायरॉइडचा स्राव वाढवू शकतो. म्हणून ज्यांचा थायरॉइड आधीच जास्त चालतो त्यांना तो वर्ज्य, आणि जे थायरॉइडची गोळी घेतात त्यांनी विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. मधुमेहाच्या औषधांबरोबर तो साखर आणखी उतरवू शकतो. सांध्यांच्या काही विकारांत किंवा मूत्रपिंड बदलल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणारी औषधे दिली जातात. त्यांच्या कार्यात असगंध अडथळा आणण्याची भीती असते. गर्भवतींनी तो घेऊ नये. यकृताचाही प्रश्न आहे. २०२० साली आइसलंड व अमेरिका येथील पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. असगंधाच्या गोळ्या घेतल्यानंतर काही आठवड्यांत त्यांना कावीळ व खाज सुटली होती. औषध थांबविल्यावर ते बरे झाले. डेन्मार्कने २०२३ साली त्यावर बंदीच घातली. असे प्रसंग विरळा आहेत हे खरे. तरीपण ज्याचे यकृत आधीच दुखावलेले आहे त्याने हा प्रयोग करू नये, आणि कोणाचीही लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर पुडी त्याच दिवशी थांबवावी. पानांपासून दूर राहावे. औषधात मुळाचा वापर सांगितला आहे आणि २०२१ साली आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना दिली होती.

दुसरी वनस्पती सर्पगंधा. तिची कहाणी आपल्या देशाच्या वैद्यकाला अभिमान वाटावा अशी आहे, आणि सावध करणारीही आहे. बिहारकडे तिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातून काढलेल्या एका द्रव्याला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलीन' हे नाव दिले. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून 'रेसर्पिन' वेगळे करण्यात आले आणि रक्तदाबावर व मनोविकारांवर ते सर्वत्र दिले जाऊ लागले. पुढे काही रुग्णांत तीव्र खिन्नता आढळल्याच्या नोंदी आल्या, इतर औषधे निघाली, आणि रेसर्पिन मागे पडले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की सर्पगंधेची वटी आजही 'शांत झोपेसाठी' म्हणून मिळते आणि घरोघरी ती निरुपद्रवी समजली जाते. ज्या मुळीतून रक्तदाबाचे एवढे प्रभावी औषध निघाले, ती मुळी रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीबरोबर घेतली तर दाब किती उतरेल? म्हातारा माणूस रात्री उठताना चक्कर येऊन पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि दोष वयाला दिला जातो. ज्यांना खिन्नतेचा विकार आहे किंवा पूर्वी होता, ज्यांना कंपवात आहे, पोटात व्रण आहे, त्यांना ती मुळीच देऊ नये. आमचे मत विचाराल तर सर्पगंधा घरगुती उपायांच्या फडताळातून काढूनच टाकावी. ती वैद्यांच्या हाती शोभते.

येथे आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांची एक खास अडचण आहे. ती म्हणजे नावांची. आजीच्या वहीत मराठी नाव, दुकानदाराच्या तोंडी हिंदी, गुजराती वा कानडी नाव, आणि पुडीवर कधी कोणतेच नाव नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे आपण पंसाऱ्याकडे जातो, बडोद्यात गांधीच्या दुकानी जातो. ज्याला आपण अश्वगंधा म्हणतो ती बेळगावकडे 'हिरेमद्दिनगिड' होते आणि हैदराबादेत 'पेन्नेरुगड्ड'. इथवर ठीक, वस्तू एकच असते. परंतु 'तगर' घ्या. मराठी घराच्या अंगणात पांढऱ्या फुलांची तगर असते, देवाला वाहण्याची. झोपेसाठी वैद्य जी तगर सांगतात ती हिमालयाच्या उतारावरची, उग्र वासाची मुळी. तिचा अंगणातल्या झाडाशी काडीमात्र संबंध नाही. वहीत 'तगर' वाचून अंगणातले मूळ उगाळणे हा भलताच प्रकार होईल.

ब्राह्मीचेही तसेच. या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक ओलाव्यात पसरणारी, बारीक मांसल पानांची. दुसरी मंडूकपर्णी, वाटोळ्या पानांची. गोमंतकात व कोकणात तिला एकपानी म्हणतात, कर्नाटकात 'ओंदेलग', आणि तिची ताकातली तंबुळी तिकडे जेवणात असते. भाजी किंवा चटणी म्हणून चार पाने खाण्यास हरकत नसावी. पण पहिल्या ब्राह्मीच्या अर्काने काहींना मळमळ व जुलाब होतात, दुसरीच्या दीर्घ सेवनाने यकृताला त्रास झाल्याच्या काही नोंदी आहेत, आणि ताबडतोब झोप आणण्याचे काम दोघींचेही नाही. जटामांसी, जिला हिंदीत बालछड म्हणतात, तिचा सुगंध मनाला निवविणारा खरा; मात्र माणसांवरील चाचण्या तुटपुंज्या आहेत आणि हिमालयातील ही वनस्पती बेसुमार खणण्याने इतकी दुर्मीळ झाली आहे की बाजारातील माल शुद्ध असेलच याची खात्री देववत नाही. उशीला तिच्या तेलाचा वास घ्यावा, एवढ्यावर समाधान मानणे बरे.

सर्वांत धोक्याचे नाव 'खुरासानी ओवा'. नावात ओवा असला तरी तो आपल्या फोडणीच्या ओव्याचा कोणी नव्हे. तो धोतऱ्याच्या जातकुळीतला आहे आणि औषधविषयक नियमांत त्याची गणना विषारी द्रव्यांत केलेली आहे. जुन्या नुसख्यांत झोपेसाठी तो आढळतो. काचबिंदू असलेल्याच्या किंवा प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाच्या पोटात तो गेला तर डोळ्यातील दाब वाढणे, लघवी अडणे, भ्रम होणे, असे अनर्थ ओढवतात.

स्वयंपाकघरातील वस्तू त्या मानाने मवाळ. पुरणपोळी आणि बासुंदीनंतर येणाऱ्या दुपारच्या झोपेचे श्रेय आपण जायफळाला देतो. त्यात पोळ्यांच्या संख्येचाही वाटा असावा! सहाणेवर दोन वळसे उगाळलेले जायफळ दुधातून घेण्यास सहसा हरकत नाही. परंतु 'थोड्याने थोडी झोप, तर जास्तीने जास्त' हा हिशेब येथे चालत नाही. चमचा-दीड चमचा पूड पोटात गेली तर काही तासांनी तोंड कोरडे पडते, छाती धडधडते, भास होतात. खसखशीची खीर पौष्टिक आहे. पण माळव्यात ज्या अफूच्या झाडाचे हे दाणे, त्याच्याच बोंडांचे टरफल, म्हणजे डोडा, काही जण झोपेसाठी उकळून देतात. ते कायद्याने निषिद्ध आहे आणि श्वासाच्या रुग्णाला प्राणघातक ठरू शकते. शांततेसाठी म्हणून काढ्यात घातले जाणारे जेष्ठमध रोज घेतल्यास रक्तदाब वाढविते व शरीरातील पोटॅशियम घटविते. आणि दूध? चरकाने निद्राजनक पदार्थांत म्हशीच्या दुधाला श्रेष्ठ मानले आहे. कोमट दुधाचा पेला हा आपल्याकडे निजण्याचा संकेतच झाला आहे आणि त्या सवयीचाही एक गुण असतो. फक्त ज्यांच्या मूत्रपिंडाचे वा हृदयाचे दुखणे आहे त्यांनी पेल्याचे माप डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पुडीच्या शुद्धतेविषयी थोडे. २००४ साली अमेरिकेतील बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली, भारतीय उपखंडात तयार झालेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासण्यात आली. त्यांतील १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळला. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ही चैन परवडणारी नाही. सुटे चूर्ण घेण्यापेक्षा मुळीच विकत घ्यावी, पाहून, वास घेऊन, घरी कुटावी. किंवा परवान्याचा क्रमांक व घटक छापलेले सीलबंद औषध घ्यावे. 'घटक गुप्त आहेत' असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

आणि घेतलेले लपवू नये. आपल्या घरांतून हा संकोच फार आहे. डॉक्टर रागावतील म्हणून चूर्णाचा उल्लेख कोणी करीत नाही, वैद्यबुवांना वाईट वाटेल म्हणून गोळ्यांचा करीत नाही. एक कागद करावा. त्यावर प्रत्येक गोळी, प्रत्येक चूर्ण, तेल, काढा, त्याची मात्रा आणि वेळ लिहावी. वनस्पतीचे शास्त्रीय नाव पुडीवर असेल तर तेही उतरवून घ्यावे, म्हणजे कानडी, गुजराती वा हिंदी भाषिक डॉक्टरांचाही घोटाळा होणार नाही. हाच कागद दोघांनाही दाखवावा. नवी वस्तू एका वेळी एकच सुरू करावी आणि पहिले काही दिवस साखर, रक्तदाब घरी मोजून लिहून ठेवावा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सारे आधीच कळले पाहिजे. झोपेची गोळी पुष्कळ दिवस चालू असेल तर पुडीच्या भरवशावर ती एकाएकी बंद करू नये; तीव्र अस्वस्थता, क्वचित झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते. आणि ती चालू असताना वर गुंगीचे दुसरे औषध चढवू नये.

जुनाट निद्रानाशावर आज डॉक्टर प्रथम जो उपाय सुचवितात, तो ना गोळीचा आहे ना मुळीचा. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली हेच सांगितले की आधी सवयी व विचार यांवर उपचार करावेत. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रात्र कशीही गेलेली असो. झोप येत नसेल तर अंथरुणात कूस बदलत न राहता उठून बाहेरच्या खुर्चीत बसावे, मंद दिव्यात काही वाचावे, जप करावा, आणि डोळे मिटू लागले की परत यावे. दुपारची झोप अर्ध्या तासावर नेऊ नये. चार वाजल्यानंतर चहा नको; दुखणाईताला दिवसाकाठी पाच वेळा चहा विचारणे हे आपल्या आतिथ्यात बसत असले तरी त्याच्या झोपेत बसत नाही. सकाळी व्हरांड्यात उन्हात बसवावे. पलंगाला खिळलेल्यालाही दिवस व रात्र यांतला भेद डोळ्यांना दिसला पाहिजे.

चरकाने निद्रेच्या उपायांत अंगाला तेल, स्नान, सुखद शय्या, मनाला रुचणारे गंध व शब्द यांचा समावेश केला आहे. आपल्याकडे तळपायांना तूप वा खोबरेल लावून काशाच्या वाटीने घासण्याची पद्धत होती. अजून पुष्कळ घरांत ती वाटी असेल. दहा मिनिटे कोणीतरी पायथ्याशी बसते, न बोलता किंवा हलक्या आवाजात बोलत घासते, आणि पुष्कळदा रुग्णाचा श्वास संथ होत गेलेला हातालाच कळतो. ज्यांच्या गोळ्यांची यादी लांब आहे त्यांच्यासाठी हा उपाय विशेष, कारण त्याची कशाशीच टक्कर होत नाही. मधुमेह्याच्या पायाला मात्र जोर लावू नये आणि तेल वा पाणी गरम करू नये, कारण चटका बसला तरी त्याला जाणवत नाही. घासण्यापूर्वी बोटांच्या बेचक्या व टाचा पाहून घ्याव्यात, जखम वा भेग असेल तर तेथे वाटी फिरवू नये. पायाला गाठ, एकाच पोटरीला सूज वा ठणका असेल तर चोळणे टाळून डॉक्टरांना दाखवावे. झाल्यावर तळवे कोरड्या फडक्याने नीट पुसावेत, म्हणजे रात्री उठताना पाय घसरणार नाही; आणि पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर एक लहानसा दिवा जळता ठेवावा.